फुटाला चौदा सूत

केरू तांब्याने जन्मात किती आंब्याच्या पेट्या ठोकल्या असतील, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक पत्र्याची शेड होती. फेब्रुवारी सरला की तिथे ठोकाठोक सुरू व्हायची, ती मे संपेपर्यंत अख्ख्या बौद्धवाडीच्या कानात असायची. केरू तोंडात खिळे धरून बसायचा आणि गप्पा मारता मारता पेटी पुरी करायचा. तोंडात खिळे असताना हा माणूस बोलतो कसा, हे कोडं वाडीत कुणालाच सुटलेलं नव्हतं. पेटी झाली की तिच्यावर अक्षरं कापलेला पत्रा ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. पत्रा उचलला की खाली बागायतदाराचं नाव उमटलेलं असायचं, त्याच्याखाली गाव. पेटी मुंबईला जायची, लोक आंबे खायचे, नाव वाचायचे. पेटी कुणी केली हे पेटीवर लिहायची पद्धत नव्हती.

केरूला याचं वाईट वाटायचं, पण ते त्याने फक्त बायकोला, सखूला, सांगितलं होतं. बाकी लोकांना तो सांगायचा ते एवढंच, की मला केरू मिस्त्री म्हणा. कारण पेट्या हे हंगामाचं काम. एरवी तो घरांची छपरं बसवायचा, दारं-खिडक्या करायचा. त्याने बसवलेल्या छपराखाली पावसाळ्यात भांडी मांडावी लागत नाहीत, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. तरीही लोक त्याला म्हणायचे खोकेवाला. केरूला राग लवकर यायचा आणि जायला मात्र खेडच्या एस.टी.सारखा वेळ लावायचा. पण या एका शब्दावर तो चिडायचाही नाही, गप्प व्हायचा. सखूला ते गप्प होणंच जास्त लागायचं.

८६ सालच्या मार्चमध्ये विमला शेडमध्ये आली ती काखेत एक लांबट खोळ घेऊन. विमला शाळेत शिकवायची आणि वाडीच्या गायन पार्टीत गिटार वाजवायची. गिटार तिच्या बापाची, राजारामची. राजाराम मुंबईला गोदीत होता. तिथे एका वाद्यवृंदात वाजवायचा आणि सुट्टीला आला की अंगणात बसून पोरीला शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी तो वारला. घरात त्याच्या हाताचं म्हणावं असं हे एकच वाद्य राहिलं होतं.

तिने खोळ उघडली. गिटारचं डोकं, म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग, मानेपासून तुटून तारांना लोंबत होतं.

"खेडहून कार्यक्रम करून येताना एस.टी.च्या फळीवरून पडली, काका. खोळीत होती तरीसुद्धा. बाबा असतानाही एकदा इथेच मोडली होती, मुंबईला चिकटवून आणली होती."

केरूने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. तो गंभीर झाला की असं करायचा. तुटलेली जागा त्याने बोटाने चाचपली. जुना सरस, त्यावर नवी मोड. "ह्या आता चिकटून ऱ्हायाचा नाय गो बाय. दांडा नवा करावा लागंल."

"कराल तुम्ही?"

केरूने आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. पण 'कराल' असं त्याला दाराच्या कडीपलीकडच्या कुठल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, "न करायला काय झाला?"

गायन पार्टीचे प्रमुख दत्ताराम गुरुजी. बाजाची पेटी वाजवायचे, गाणी रचायचे, शाळेत भूमिती शिकवायचे आणि सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी कोनमापक बाळगायचे. राजारामने मुंबईच्या ज्या दुकानातून गिटार घेतली होती त्या दुकानाला त्यांनी पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं. तिथल्या कारागिराने मजकूर चारच ओळींचा लिहिला होता: मानेवरची पडद्यांची जुनी पट्टी सोडवून नव्या दांड्यावर बसवावी म्हणजे सुरांच्या जागा चुकणार नाहीत, लाकूड वाळलेलं असावं, आणि डोकं सरळ ठेवू नये, १४ ने मागे पाडावं, म्हणजे तारा मानेच्या टोकाला असलेल्या हाडाच्या पट्टीतल्या खाचेत दाबून बसतात. चौदाच्या पुढे काहीतरी होतं, पण पोस्टाचा शिक्का नेमका त्याच्यावर बसला होता. कार्ड आलं त्या दिवशी गुरुजी शाळेच्या परीक्षेत गुंतलेले. त्यांनी ते न वाचताच विमलेकडे दिलं आणि विमलेने केरूकडे.

केरूने ते सखूला वाचायला लावलं. सखू त्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायला लागली होती आणि तिला वाचायचं वेडच लागलं होतं. एस.टी.च्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्याचे कागद, देवाच्या नावाने आलेली हॅन्डबिलं, काही म्हणून सोडत नसे. एक-एक अक्षर लावत ती चौदापाशी आली आणि अडली.

"चौदा काय ता दिसत नाय. शिक्का हाय वर."

"सूत असनार," केरू म्हणाला. "दुसरा काय असनार?"

आणि खरोखरच, केरूच्या जगात दुसरं काय असणार होतं? इंचाचे आठ सूत. छपराचा ढाळ असो, ओट्याचा असो, मोरीचा असो, मिस्त्री लोक तो फुटामागे सांगतात: फुटाला दोन सूत, फुटाला चार इंच. कोन म्हणजे खोलीचा कोपरा. तेव्हा डोकं चौदा सूत मागे पाडायचं म्हणजे फुटाला चौदा सूत, पावणेदोन इंच. मोडलेलं जुनं डोकं याहून बरंच मागे पडलेलं दिसत होतं हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण तेच तर दोनदा मोडलं होतं! म्हणून मुंबईच्या शहाण्या कारागिराने ढाळ कमी लिहिला असणार, असं त्याने धरलं आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला आदरही वाटला.

लाकडाची ददात नव्हती. वाडीतलं एक जुनं घर उतरवलं तेव्हा शिवणीचा एक खांब त्याने मागून आणून माळ्यावर ठेवला होता, एखाद्या चांगल्या कामासाठी. ते चांगलं काम दहा वर्षं आलं नव्हतं. आता त्याने खांब खाली काढला, उभा कापला, रंधा मारला. आतून पिवळसर, गुळगुळीत लाकूड निघालं तेव्हा तो सखूला हाक मारून म्हणाला, "बग, बग हात लावून." पेट्या संपल्या की दुपार कलल्यावर तो दांड्याला बसायचा. जुनी पट्टी तापवलेल्या सुरीने अलगद सोडवली. मान कानशीने गोल केली. विमलेला बोलावून तिच्या डाव्या हाताच्या मुठीत मान पुन:पुन्हा देऊन पाहिली. "जाड वाटतो? अजून घेतो जरा." महिनाअखेर दांडा गिटारला बसला, आणि केरूने आपल्या हाताने केलेल्या कुठल्या वस्तूकडे इतका वेळ बघत बसल्याचं सखूने पहिल्यांदाच पाहिलं.

तो गिटार घेऊन विहारात गेला. तिथे पार्टीची तालीम चालायची. चौदा एप्रिलला जयंती, वीस दिवसही उरले नव्हते. सगळे कौतुकाने गोळा झाले. गुरुजींनी चष्मा वर केला, गिटार आडवी धरली आणि खिशातून कोनमापक काढला.

"केरू, हे किती ठेवलंस तू?"

"चौदा. कार्डात हाय तसा."

"चौदा कुठे? हे आठ आहे. आठाच्या वर थोडं."

कार्ड मागवलं. गुरुजींनी ते उन्हात धरलं, भिंग लावलं. शिक्क्याच्या काळ्या रेघांमधून चौदाच्या डोक्यावर एक बारीकसं पोकळ टिंब दिसलं.

"अंश! चौदा अंश, डिग्री! आणि तू काय धरलंस?"

"सूत," केरू म्हणाला.

विहारात हशा पिकला. तबलजी तर तबल्यावरच पडला. गुरुजी हसले नाहीत, पण हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अरे, हे खोकं नव्हे केरू. वाद्य आहे. त्याला गणित असतं. तारा दबणार नाहीत, खणखणतील. जयंतीच्या मंचावर खेडपासून मालगुंडापर्यंतची माणसं येतात, त्यांच्यासमोर शोभा व्हायची. दुसरा दांडा कर, नाहीतर यंदा गिटार राहू दे."

विमलेने बापाची गिटार फक्त मांडीवर घेतली. खोकेवाला म्हणून कुणी हाक मारली नव्हती. पण सगळ्यांनी मनात ती मारली, हे त्याला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. केरू दुसरा दांडा करायलाच बसला होता. शिवणीचा उरलेला तुकडा होता, चौदा अंश म्हणजे फुटाला जवळजवळ तीन इंच, चोवीस सूत, हे गुरुजींनी कागदावर काढून दिलं होतं. पण पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्याचा हात थांबला. लाकडाच्या नसा मानेतून सरळ उभ्या येत होत्या. डोकं मागे पाडलं की ती रेघ नसांना तिरपी कापायची. चौदा सुतांच्या रेघेत नस बऱ्यापैकी लांब डोक्यात शिरत होती. चोवीस सुतांच्या रेघेत ती आत शिरायच्या आधीच पुढच्या अंगाने बाहेर पडत होती. वाकडी फांदी सापडली असती तर नस तिच्याबरोबर वळली असती. सरळ खांबात ती वळणार कुठून?

"सखू," तो म्हणाला, "दगड आन."

"काय कराचे दगड?"

"आन तू."

त्याने दांडा केलाच नाही. त्याऐवजी एकाच लाकडाचे वीतभर मानेचे दोन तुकडे केले, जाडी सारखी, रुंदी सारखी. फरक फक्त डोक्याच्या ढाळाचा. एक चौदा सूत, एक चोवीस. आळीपाळीने शिकंज्यात आवळले, डोक्याला आंब्याची रिकामी पेटी टांगली आणि सखूने तिच्यात जांभ्याचे दगड टाकायला सुरुवात केली. चोवीस सुतांचं डोकं पेटी निम्मी भरायच्या आत कट्कन मोडलं आणि दगड सखूच्या पायाशी सांडले. तिने केरूला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौदा सुतांच्या डोक्याला मात्र पेटी काठोकाठ भरली, वर आणखी दोन दगड ठेवले, ते कुरकुरलं आणि तसंच राहिलं. नशिबाचा खेळ नको म्हणून केरूने पुन्हा दोन तुकडे केले. पुन्हा तेच झालं.

मग त्याने उलट बाजूही पाहिली, आणि इथेच तो खरा मिस्त्री. गुरुजी म्हणाले ते खोटं नसणार, तारा दबायला ढाळ हवाच. म्हणून त्याने फुटाला सात सुतांचाही एक तुकडा केला, त्यावर जुनी तार ताणली आणि बोटाने खेचली. तार खाचेतून टुणकन बाहेर. परत बसवली, परत बाहेर. म्हणजे कमीही चालत नव्हतं. गिटारच्या चौदा सुतांवर तार बसत होती; फक्त मधल्या दोन तारांना, ज्यांच्या खुंट्या खाचेपासून लांब होत्या, बारीक खणखण होती. केरू त्या खणखणीशी दोन दिवस झगडला. शेवटी विमलेला बोलावून म्हणाला, "ह्या दोन तारांचे खुंटीला येढे जरा जास्ती घाल, आनि वरून खाली घाल. तार खुंटीच्या बुडातून निघाया पायजे." हाडाच्या पट्टीतल्या खाचांनाही त्याने बारीक कानशीने मागच्या अंगाला ढाळ दिला, पाणी ओघळून जावं तसा. विमलेने तार छेडली. स्वच्छ. तिने डोळे मिटून पुन्हा छेडली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबांची अशी वाजायची."

त्या दिवशी केरू तालमीला गेला तो मोडके तुकडे पंच्यात बांधून. सगळ्यांसमोर त्याने ते सतरंजीवर मांडले.

"गुरुजी, मी चुकलो व्हतो. अंशाला सूत समजलो, ता खरा. हसायचा तर हसा. पन आता ह्यो ढाळ मी चुकून ठेवलेला नाय. आता जानूनबुजून ठेवलाय. तुमची चौदा डिग्री करून बगितली, ती ह्या बगा. सात सूत बगितला, त्यावर तार ऱ्हात नाय. ह्या लाकडाला, ह्या नसेला, चौदा सूतच."

गुरुजींनी तुकडे उचलले, मोड पाहिली, नसा पाहिल्या. भूमितीचा माणूस, समजलं नाही असं नाही. पण पार्टीचा प्रमुख चारचौघांत इतक्या लवकर कसा वळेल? "तुकड्यांचं ठीक आहे रे. पण मुंबईचा कारागीर जन्मभर हेच करतोय. आणि वाद्य म्हणजे शिकंज्यात आवळलेला तुकडा नव्हे. जयंतीला भर मंचावर मोडलं तर?"

उत्तर विमलेने दिलं. तिने गिटार तिच्या खोळीत घातली, नाडी बांधली आणि बाकाच्या कडेवर आडवी ठेवली.

"एस.टी.त अशीच होती. पाठीवर पडली होती," ती म्हणाली. "मोडायची असेल तर आज मोडू दे. अजून बारा दिवस आहेत, काका चौदा अंशांची करून देतील."

"विमल, बापाची आठवण आहे ती!" गुरुजी ओरडले.

"म्हणूनच," विमला म्हणाली. "दर वेळी एस.टी.त मांडीवर घेऊन श्वास रोखून बसायचं, ती आठवण मला नको."

तिने केरूकडे पाहिलं. जन्मभर ठोकलेल्या पेट्यांपैकी एकही कुणी अशी पाडून पाहिली नव्हती, आणि हा एक दांडा मोडला असता तर त्या सगळ्या पेट्या परत येऊन त्याच्या नावावर बसल्या असत्या. विमलेने हात पुढे केला आणि गिटार ढकलली.

फरशीवर दाणकन आवाज झाला. आतल्या तारा सगळ्या एकदम विव्हळल्या. तबलजीने डोळ्यांवर हात घेतले. विमला खाली बसली आणि तिने नाडी सोडली. खोळ निघाली. डोकं मानेवर होतं. तिने मान उलटसुलट फिरवली, खाचेपाशी नखाने चाचपली, मग पाच-सहा खुंट्या पिळून सूर जुळवले आणि तार छेडली. एवढा धक्का खाऊन गिटार फक्त बेसूर झाली होती.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे केरूकडे बघत राहिले, आणि केरू मोडके तुकडे पुन्हा पंच्यात बांधत राहिला, कारण वर पाहिलं तर डोळ्यांतलं दिसलं असतं. गुरुजी उठले. खिशातला कोनमापक काढून त्यांनी गिटारवर ठेवला, पुन्हा खात्री केली, आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"लिहिलंय काय, गुरुजी?" केरूने विचारलं.

"मुंबईला कळवतो. फुटाला चौदा सूत. आणि कुणी ठरवलं तेही कळवतो, केरू मिस्त्री."

हा शब्द गुरुजींच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला. घरी जाताना त्याने नेहमीची पायवाट सोडून मुद्दाम लांबचा, सगळ्या वाडीतून जाणारा रस्ता धरला. आणि का धरू नये? त्याला वाटत होतं की आज आपल्याला सगळ्यांनी पाहावं.

तेरा तारखेला विमला शेडमध्ये आली आणि गिटार त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, तुमचं नाव घाला."

"कुठं?"

"डोक्यावर."

केरूने गिटार उलटी केली. पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असं, बारीकसं घालावं असा त्याचा बेत. विमलेने ती पुन्हा सुलटी केली. "पाठीमागे नको. पुढे घाला, लोकांना वाचता येईल असं."

बागायतदारांच्या नावांचे पत्रे शेडमध्ये पुष्कळ होते. केरूच्या नावाचा एकही नव्हता. त्याने जुन्या डब्याचा पत्रा घेतला, त्यावर सखूकडून अक्षरं काढून घेतली आणि ती पटाशीने एक-एक कापली. 'स्त्री' कापताना दोनदा पत्रा फाटला. मग पत्रा खुंट्यांच्या मधोमध धरला आणि पेट्यांचाच तो काळा रंग, पेट्यांचाच तो कुंचला हलक्या हाताने फिरवला.

चौदा तारखेला संध्याकाळी मंच सजला. मंचाखाली टेकू म्हणून केरूच्याच पेट्या होत्या. निळ्या पताका, समोर गॅसबत्त्या, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत सखू नवं लुगडं नेसून. गुरुजींनी पेटीवर सूर धरला, विमला उभी राहिली आणि गिटार गळ्यात घेतली. पहिल्या झंकाराला मागच्या रांगेतली पोरंसोरं गप्प झाली. केरू खांबाला टेकून उभा होता. बसवेना, म्हणून उभा. आपल्या हातांनी केलेली वस्तू अशी हजार माणसांसमोर बोलते आहे, हे त्याला पुरेपूर कळत होतं, आणि त्याची छाती अभिमानाने इतकी भरून आली होती की सदऱ्याचं वरचं बटण त्याने सोडून ठेवलं होतं.

सखूच्या शेजारी मालगुंडाहून आलेली एक पाहुणी बसली होती. ती बराच वेळ डोळे बारीक करून मंचाकडे बघत होती. शेवटी तिने सखूला कोपराने ढोसलं.

"बाय, तुला वाचता येता? त्या वाजाच्या डोक्यावर काय लिवलाय?"

सखूला हेच हवं होतं. तिने बोट पुढे केलं आणि वर्गात वाचायची तशी मोठ्याने, एक-एक अक्षर सुटं करून वाचलं. "के. रू. मि. स्त्री."

"कोन ह्यो? कुठला बागायतदार?"

"बागायतदार नाय गो," सखू म्हणाली. "ज्यानं केला, त्याचा नाव हाय. आमच्या ह्यांचा."